परत न आलेल्यांचा हिशेब

अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यात, म्हणजे वकील आणि पोलीस ज्याला नुसतं ‘एनडीपीएस’ म्हणतात त्यात, ३९ क्रमांकाचं एक कलम आहे. व्यसनी माणूस सेवनाच्या किंवा अल्प मालाच्या गुन्ह्यात दोषी ठरला, तर न्यायालय त्याला तडक तुरुंगात न धाडता, त्याच्या संमतीने, सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचारासाठी सोडू शकतं. त्याने बंधपत्र लिहून द्यायचं, आणि जास्तीत जास्त वर्षभरात उपचारातून काय निष्पन्न झालं याचा अहवाल न्यायालयापुढे यायचा. न्यायालयाचं समाधान झालं तर समज देऊन आणखी एका बंधपत्रावर त्याची सुटका होते. त्या बंधपत्राची मुदत तीन वर्षांपर्यंत असू शकते. एरवी इतक्या करड्या कायद्यात एवढी एक फट माणुसकीसाठी ठेवलेली आहे.

त्या अहवालात काय लिहायचं आणि त्यावर कितपत विसंबायचं, हा या पुस्तिकेचा विषय. एका माणसापुरतं लिहिणं अवघड नाही. आला, टर्की (नशा तोडतानाचा त्रास) सोसली, राहिला, घरी गेला, अजून तरी पकडला गेलेला नाही. पण असे शंभर अहवाल एकत्र बांधून ‘आमच्या उपचाराने गुन्हे घटले’ असं कुणी म्हणू लागलं, की घट खरंच उपचाराने झाली की आणखी कशाने, हे विचारावं लागतं. उपचार दिला नसता तरी हेच झालं असतं का? या प्रश्नाला एखादा अभ्यास किती ठाम उत्तर देऊ शकतो, त्याला संशोधनाच्या परिभाषेत आंतरिक सप्रमाणता म्हणतात. तिला सुरुंग लावणाऱ्या गोष्टींची गाजलेली पद्धतशीर यादी डोनाल्ड कॅम्पबेल आणि ज्युलियन स्टॅन्ली या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९६३ मध्ये केली. तीत आठ गोष्टी होत्या. आठही पाठ करून परीक्षेत उतरवणारे विद्यार्थी पुष्कळ भेटतात. आपल्याच तालुक्याच्या रजिस्टरमध्ये त्या ओळखणारे फार थोडे.

बऱ्हाणपुरात बसून हे लिहिण्याला कारण आहे. तापीकाठचं हे गाव कागदोपत्री मध्य प्रदेशाचं; सोयरीक, बाजार आणि मोठा दवाखाना मात्र बऱ्याच घरांचा खानदेशात. इच्छापूर ओलांडलं की मुक्ताईनगर, अंकलेश्वरच्या रस्त्याने रावेर, पूर्वेला मेळघाटातलं धारणी, खाली बुलढाण्याचं जळगाव जामोद. वर माळवा, तिथे मंदसौर-नीमचच्या पट्ट्यात सरकारी परवान्याने अफू पिकते आणि नीमचला तिचा सरकारी कारखाना आहे. मुंबई-दिल्ली रेल्वे गावावरून जाते. यंत्रमागावरचा कारागीर आज इथे, उद्या मालेगावात, परवा भिवंडीत. अशा ठिकाणी ‘सुटलेला माणूस पुन्हा गुन्ह्यात सापडला का’ हा प्रश्न विचारला की पहिल्याच पावलाला कळतं, की प्रश्न माणसाचा आहे आणि उत्तर नोंदवहीचं मिळणार आहे.

मराठी वाचकाला व्यसनमुक्ती हा विषय अनोळखी नाही. अनिल अवचटांचं ‘गर्द’ हे पुस्तक घराघरात वाचलं गेलं. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीच्या बळावर, मुक्तांगण सुरू केलं, आणि व्यसनी माणूस हा आजारी माणूस आहे हे महाराष्ट्राने बऱ्यापैकी मान्य केलं. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने आकडेही दिले: १० ते ७५ वयोगटात १४.६ टक्के लोक दारू पितात, २.१ टक्के अफूवर्गीय पदार्थ घेतात. आजार किती पसरला हे त्यातून समजतं. कोणत्या उपचाराने कोण बरा होतो आणि बरा झालेला चोरी सोडतो का, हे त्यातून समजत नाही. त्यासाठी पाहणी नव्हे, तुलना लागते. आणि आपल्याकडे गाडी अडते ती तुलनेपाशीच.

तुलना कुणाशी करायची? कलम ३९ खाली उपचाराला गेलेले एका बाजूला आणि त्याच कायद्याखाली तुरुंगात गेलेले दुसऱ्या बाजूला, असं मांडण्याचा मोह होतो. दोन वर्षांनी पाहावं, तर उपचारवाले कमी परत आलेले दिसतील. दिसायलाच हवेत. कारण कुणाला उपचाराला सोडायचं हे ठरवताना आरोपीचं वय, चारित्र्य, पूर्वेतिहास, शारीरिक-मानसिक अवस्था पाहावी, असं कायदाच न्यायालयाला सांगतो. म्हणजे तरुण, पहिल्यांदाच सापडलेला, घरचे सोबत आलेला, न्यायाधीशापुढे नीट बोललेला असा माणूस या बाजूला आणि उरलेले त्या बाजूला. वर आरोपीची संमती लागते, म्हणजे ज्याला सुटायची इच्छा आहे तोच पुढे येतो. हा पूर्वग्रह नाही, न्यायाधीशाने काही चूक केली असंही नाही. उलट त्याने कायदा चोख पाळला. पण कायदा जितका चोख पाळला जाईल तितके हे दोन गट एकमेकांशी तुलनेला नालायक होत जातात. कमी परत येतील अशा माणसांना निवडून उपचार दिला आणि ते कमी परत आले, यातून उपचाराबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

त्याच कायद्याचं ६४-अ हे कलम तर याहून मजेशीर कोडं घालतं. सेवनाच्या किंवा अल्प मालाच्या प्रकरणातला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊ लागला तर त्याच्यावर खटला चालत नाही. मात्र त्याने उपचार पूर्ण केला नाही तर हे संरक्षण काढून घेता येतं. आता उपचार पूर्ण केलेल्यांची आणि अर्ध्यावर सोडलेल्यांची तुलना करा. अर्ध्यावर सोडणाऱ्यांच्या नावावर खटले जास्त निघतील, आणि त्यातले काही उपचार सोडल्याबद्दलचेच असतील. कार्यक्रमाचा परिणाम मोजायला घेतलेली पट्टी कार्यक्रमाच्याच नियमाने हललेली असते. आपल्याकडच्या वार्षिक अहवालांत ‘उपचार पूर्ण करणाऱ्यांपैकी इतके टक्के’ अशी वाक्यं सर्रास येतात. मला विचाराल तर ते वाक्य दिसलं की पुढचा आकडा वाचूच नये.

पूर्ण करणाऱ्यांवर भिस्त ठेवण्याचा सर्वांत गाजलेला नमुना कॅलिफोर्नियाचा आहे. सॅन डिएगोजवळच्या डोनोव्हन तुरुंगात अ‍ॅमिटी नावाच्या संस्थेने व्यसनी कैद्यांसाठी एकत्र राहून करायचा उपचार चालवला. अभ्यास काळजीपूर्वक रचलेला होता: इच्छुकांच्या प्रतीक्षायादीतून कुणाला घ्यायचं हे नशिबावर सोडलेलं होतं. तीन वर्षांनी आकडे आले. तुरुंगातला उपचार आणि सुटल्यानंतरचा बाहेरचा उपचार असे दोन्ही टप्पे पूर्ण करणाऱ्यांपैकी २७ टक्के परत तुरुंगात आले. ज्यांचा नंबरच लागला नव्हता त्यांच्यापैकी ७५ टक्के. हे दोन आकडे जगभर फिरले. पण ज्यांनी तुरुंगातला टप्पा पूर्ण केला आणि बाहेरचा घेतलाच नाही, ते जवळपास नंबर न लागलेल्यांइतकेच परतले होते. बाहेर पडल्यावर दारू, मित्र, कर्ज आणि मोकळीक समोर असताना जो आपल्या पायांनी पुन्हा उपचाराला जातो आणि शेवटपर्यंत टिकतो, तो माणूस आधीपासूनच वेगळा असतो. पुढे पाच वर्षांनी, पूर्ण केलं की अर्ध्यावर सोडलं हे न पाहता, उपचारासाठी निवडलेल्या सगळ्यांना एकत्र धरून पाहिलं, तेव्हा चित्र असं होतं: त्यांच्यातले सुमारे ७६ टक्के परत तुरुंगात, दुसऱ्या गटातले सुमारे ८३ टक्के.

७६ आणि ८३. भाषणात टाळ्या मिळवण्याजोगे हे आकडे नाहीत. पण चिठ्ठीने निवड केलेली होती आणि कुणालाही गणतीतून गाळलेलं नव्हतं, म्हणून हा सात टक्क्यांचा फरक तुलनेने भक्कम पायावर उभा आहे. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातल्या माणसांना हे ऐकून वाईट वाटतं असा माझा अनुभव आहे. मला उलट हायसं वाटतं. शंभरात सात जण जास्त तुरुंगाबाहेर राहिले, म्हणजे सात घरं. सत्तर टक्के, ऐंशी टक्के यशाची जाहिरात करणाऱ्या केंद्रांमुळे हे खरं, छोटं यश अपयशासारखं दिसू लागतं आणि अनुदान देणारा अधिकारी विचारतो, बस, एवढंच?

गट कसे पडले हा पहिला घोळ झाला. दुसरा घोळ मोजण्याचा, आणि त्यात बऱ्हाणपूरचा हात कुणी धरू शकणार नाही. ‘परत येणं’ म्हणजे नेमकं काय? अटक, चालान, शिक्षा की पुन्हा तुरुंगाची पायरी? शिक्षेची वाट पाहावी तर खटल्याला वर्षं लागतात आणि अभ्यासाची मुदत संपून जाते. अटक धरावी, तर गणपती किंवा मोहरमच्या आधी ठाण्याच्या यादीतली नावं प्रतिबंधात्मक कारवाईत उचलली जातात. पूर्वी याला ‘एक्कावन्न’ म्हणायचे, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १५१. आता ते नव्या संहितेत १७० झालं आहे. यादीत नाव असलेला माणूस त्या रात्री घरी झोपलेला असला तरी अटक झालेला असतो. त्याच्या अटकेतून यादी किती जुनी आहे हे कळतं, त्याच्या वागण्याबद्दल काही कळत नाही. केंद्रातून बाहेर पडलेल्या मुलाचं नाव यादीतून काढायला ठाणेदार तयार झाला, तर त्याच्या अटका घटतील. त्या उपचाराने घटल्या म्हणायच्या की ठाणेदाराने?

याच्या उलटही होतं. मध्य प्रदेशात १९९० च्या राज्य सुरक्षा अधिनियमाखाली जिल्हाधिकारी एखाद्याला जिल्हाबदर करू शकतो, वर्षभरापर्यंत, आणि लगतच्या जिल्ह्यांतूनही. महाराष्ट्रात तेच काम १९५१ च्या पोलीस कायद्याने तडीपार म्हणून होतं आणि तिथे मुदत दोन वर्षांपर्यंत जाते. जिल्हाबदर झालेला माणूस बऱ्हाणपूरच्या नोंदवहीत वर्षभर अगदी सज्जन दिसतो. तो रावेरला मावशीकडे आहे, आणि तिथे काय करतो ते जळगाव जिल्ह्याच्या पोलिसांना माहीत. बंदी संपून परत आला की त्याचा ‘एक वर्ष गुन्हा नाही’ असा दाखला तयार.

सीमा नसलेल्या गावात संशोधकाला एवढा ताप होत नाही. इथे दोन्ही बाजूंचं रेकॉर्ड जुळवायचं तर नावापासून सुरुवात करावी लागते. आमच्या ठाण्यात माणूस स्वतःच्या नावापुढे ‘पिता’ लिहून बापाचं नाव लावतो आणि आडनाव कधी येतं, कधी राहून जातं. महाराष्ट्रात तोच माणूस नाव, बापाचं नाव, आडनाव असा तीन पदरी होतो. हिंदीतली वेलांटी मराठीत जाताना दीर्घ होते. वय दोन्हीकडे अंदाजे. पोलीस ठाणी संगणकाने जोडण्याची केंद्राची योजना २००९ मध्ये मंजूर झाली, पण जोडलेला संगणक दोन नावांचा माणूस एकच आहे हे स्वतःहून सांगत नाही. त्यात स्टेशनवर पाकीट मारताना सापडला तर प्रकरण रेल्वे पोलिसांकडे, आणि दारू विकताना सापडला तर इथे आबकारीचा कायदा, तिथे १९४९ चा दारूबंदीचा कायदा. एकच माणूस, चार दप्तरं. ज्याला या चारपैकी एकच दप्तर पाहायला मिळतं, त्याच्या अभ्यासात सुधारलेल्यांची संख्या भरघोस निघणार. आणि लक्षात घ्या, ही गळती दोन्ही गटांत सारखी नसते: ज्याला घरदार आहे तो इथेच राहतो आणि इथेच पकडला जातो, ज्याला काही नाही तो सीमा ओलांडतो आणि आकड्यांतून नाहीसा होतो. सारखी गळती असती तर फरक तरी टिकला असता.

मोजपट्टीच बदलली तर काय होतं हे महाराष्ट्राने चंद्रपुरात मोठ्या प्रमाणावर पाहिलं. वर्ध्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी होती. महिलांच्या दीर्घ आंदोलनानंतर १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यातही ती आली, आणि २०२१ च्या मे महिन्यात मंत्रिमंडळाने ती उठवली. बंदी असताना आणि उठवताना दोन्ही पक्षांच्या हातात पोलिसांचे आकडे होते. बंदीने गुन्हे वाढले, असं एक पक्ष म्हणाला. पण बंदी आली त्या दिवशी काल दुकानात मिळणारी बाटली पिशवीत सापडणं हा गुन्हा झाला. दारूबंदीखालचे गुन्हे वाढले नसते तरच नवल. दुसरा पक्ष म्हणाला, घरातली मारहाण घटली. शक्य आहे, माझा कलही तसं मानण्याकडे आहे. पण ठाण्याचा सारा वेळ बाटल्या पकडण्यात जाऊ लागला तर बाकीच्या तक्रारी लिहून घ्यायला माणूस कुठून येणार? शेवटचं वर्ष तर टाळेबंदीचं होतं. त्या वर्षाशी कशाची तुलना करायची तेच कळेनासं झालं. बंदी चांगली की वाईट, हा वाद इथे सोडवायचा नाही. एवढं म्हणायचं आहे, की सहा वर्षं लाखो माणसांवर एक प्रयोग झाला आणि त्यातून काय सिद्ध झालं हे दोन शहाणी माणसं आजही एकमेकांना पटवू शकत नाहीत. सुरुवातीलाच शेजारच्या एखाद्या बंदी नसलेल्या जिल्ह्याचे तेच आकडे, त्याच पद्धतीने, त्याच महिन्यांत नोंदवत गेलं असतं तर वाद थोडा तरी आटोक्यात आला असता.

अशी मधेच घुसणारी घटना कॅम्पबेलच्या यादीत ‘इतिहास’ म्हणून येते. बऱ्हाणपुरात तिची ददात नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटा बंद झाल्या, २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, २०२० च्या मार्चमध्ये सगळंच थांबलं. प्रत्येक वेळी मागांची खडखड मंदावली आणि हातातला पैसा आटला. पैसा आटला की नशा घटते की चोरी वाढते, हे आधी सांगता येत नाही, दोन्ही झालेलं पाहिलं आहे. १ एप्रिल २०२३ पासून मध्य प्रदेशात दारूदुकानांना लागून असलेले, बसून पिण्याचे अहाते बंद झाले. १ एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या काही धार्मिक गावांतली दारूदुकानं बंद झाली. त्यांत तापीचं उगमस्थान मुलताई आहे, तापीवरचं बऱ्हाणपूर नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि पाच हजारांच्या आतल्या पहिल्या चोरीला, माल परत केला तर, समाजसेवेची शिक्षा आली. म्हणजे २०२३ मध्ये जो परत तुरुंगात गेला असता, तो २०२५ मध्ये कदाचित जाणार नाही, मग त्याने उपचार घेतलेला असो वा नसो. ‘आधी आणि नंतर’ एवढ्याच तुलनेवर उभा असलेला अभ्यास यातल्या कुठल्याही एका तारखेवर कोसळू शकतो. जिल्हाच मुळी २००३ चा. त्याआधीचे आकडे हवेत तर खंडव्याच्या गठ्ठ्यांतून वेगळे काढावे लागतात.

आता जरा माणसाकडे येऊ. उपचाराला कोण कधी येतं? सगळं कोसळल्यावर. बायको माहेरी गेल्यावर, चोरीत सापडल्यावर, सलग महिनाभर शुद्ध हरपल्यावर. आयुष्यातल्या सर्वांत वाईट महिन्यात नोंद झालेल्या माणसाला सहा महिन्यांनी पाहिलं, तर काहीच न करता तो थोडा बरा दिसण्याची शक्यता मोठी असते, कारण त्याहून खाली जायला जागाच थोडी असते. तापीला महापूर आला त्या वर्षी घाटावर पूजा घातली तर पुढच्या वर्षी पाणी कमीच चढतं. पूजा न घातली तरी कमीच चढतं. कॅम्पबेलने स्वतः हे अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याच्या उदाहरणाने दाखवलं होतं. तिथे १९५५ मध्ये रस्त्यांवर ३२४ माणसं मेली, राज्यपालांनी वेगाविरुद्ध कडक मोहीम काढली आणि १९५६ मध्ये आकडा २८४ वर आला. राज्यपालांनी श्रेय घेतलं. कॅम्पबेलने मागची-पुढची वर्षं आणि शेजारची राज्यं काढून ठेवली आणि विचारलं, मोहीम नेमकी उच्चांकाच्या वर्षानंतरच निघाली ना?

वयाचंही तसंच. गर्दुल्ला कायम गर्दुल्लाच राहतो, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. चार्ल्स विनिक या अमेरिकी अभ्यासकाने १९६२ मध्ये दाखवलं की हेरॉइन घेणारे कितीतरी जण तिशीच्या पुढेमागे आपोआप गळत जातात. त्याहून थक्क करणारी गोष्ट व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांची. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्या सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी पाठपुरावा केला: मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात सुमारे ५ टक्के आणि तीन वर्षांत सुमारे १२ टक्केच पुन्हा व्यसनात अडकले होते, आणि बहुतेकांनी कोणताही उपचार घेतला नव्हता. जागा बदलली, भोवतालची माणसं बदलली, भीती संपली. अशा वेळी मधे कुणी एखादं केंद्र चालवलं असतं तर त्या केंद्राचं यश ९५ टक्के निघालं असतं आणि त्याच्या संस्थापकाला पद्म मिळालं असतं.

पाठपुराव्याला हाती न लागणाऱ्यांविषयी पुस्तिकेत एक आख्खं प्रकरण आहे, म्हणून इथे त्यातल्या एकाच बाबीवर थांबतो. ‘वर्षभरात पुन्हा गुन्हा नाही’ या रकान्यात तीन प्रकारची माणसं एकत्र बसलेली असतात. जो खरंच सुटला तो. जो वर्षातले सहा महिने केंद्रातच कोंडलेला होता, त्यामुळे गुन्हा करायला त्याला बाकीच्यांच्या निम्मेच दिवस मिळाले, तो. आणि जो मेला तो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या तीस हजारांवर माणसांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मरण्याचा धोका त्यांना बाकीच्या रहिवाशांच्या १२९ पट होता. कारण साधं आहे: आत असताना शरीराची सवय मोडते, बाहेर आल्यावर माणूस जुन्याच मापाने घेतो, आणि ते माप आता त्याला पेलत नाही. हेच नुसतं डिटॉक्स करून घरी सोडलेल्या माणसाच्या बाबतीतही खरं आहे. मेलेला माणूस पुन्हा चोरी करत नाही. गुन्ह्यांचेच आकडे पाहणाऱ्या अभ्यासात तो यशस्वी ठरतो. एखादा उपचार माणसं मारत असेल, तर या मोजणीत तो चांगलाच उपचार ठरेल. या सगळ्या विषयात माझ्या लेखी याहून मोठा दोष नाही, आणि यासाठी संख्याशास्त्र शिकावं लागत नाही. रजिस्टरात मृत्यूचा वेगळा रकाना आखावा लागतो. तिहारमध्ये २००८ पासून कैद्यांना ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या देण्याची सोय सुरू झाली. अशा उपचाराचं मोल जोखताना सुटल्यावर किती जण पकडले गेले याच्या आधी किती जण जगले हे विचारायला हवं.

मग करायचं काय? निम्मे लोक इथे म्हणतात, भारतात असला अभ्यास शक्यच नाही. मला ते पटत नाही. कॅलिफोर्नियात १९६१ पासून व्यसनी गुन्हेगारांना सक्तीने उपचाराला पाठवण्याचा कार्यक्रम चालला. सुरुवातीच्या वर्षांत कागदपत्रांतल्या कायदेशीर त्रुटींमुळे त्यातले पुष्कळ जण थोड्याच दिवसांत सोडून द्यावे लागले. अभ्यासकांनी या सुटलेल्यांनाच तुलनेचा गट केला आणि उपचारात राहिलेल्यांशी वर्षानुवर्षं ताडून पाहिलं. राहिलेल्यांची नशा आणि गुन्हे अधिक घटल्याचं दिसलं. ती तुलना निर्दोष नव्हती, कारण त्रुटी शोधून अर्ज करणाराही वेगळाच असतो. पण कोण सुटला हे व्यसनी माणसाच्या चांगुलपणावर ठरलं नव्हतं, कारकुनाच्या हलगर्जीपणावर ठरलं होतं. हलगर्जीपणाचा एवढा सदुपयोग क्वचितच झाला असेल. आपल्याकडच्या न्यायालयीन दप्तरांत अशा संधी कमी असतील असं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

आणि सरळ चिठ्ठ्याही टाकता येतात. खाटा थोड्या आणि रांग लांब, ही आपल्या व्यसनमुक्ती केंद्रांची नेहमीची स्थिती. ज्याची प्रकृती तातडीची आहे त्याला आधी घ्यावं, यात वाद नाही. उरलेल्या, सारख्याच गरजेच्या माणसांत या महिन्यात कुणाला खाट मिळेल हे चिठ्ठीने ठरवलं, तर मागे राहिलेले आपोआप तुलनेचा गट होतात, आणि त्यांचा नंबर पुढच्या फेरीत लागतोच. आजाऱ्याचा जुगार मांडता का, असा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. आज खाट कुणाला मिळते ते एकदा पाहावं: ज्याच्यासाठी नगरसेवकाचा फोन येतो त्याला, ज्याचा भाऊ शिकलेला आहे त्याला, आणि ज्याला केंद्रवाल्याने पाहताक्षणी ‘हा टिकेल’ म्हटलं त्याला. चिठ्ठी यातल्या कुणाहीपेक्षा जास्त निःपक्ष असते.

पुस्तिकेच्या शेवटच्या प्रकरणात अशा केंद्रासाठी एका नोंदवहीचा नमुना आहे. त्यात पहिल्या दिवशी दारात आलेल्या प्रत्येकाची ओळ आहे, मग तो दुसऱ्या दिवशी पळाला असला तरी. नाव दोन्ही राज्यांच्या पद्धतीने लिहायचं आहे. रावेर, मुक्ताईनगर, धारणी आणि जळगाव जामोदच्या ठाण्यांसाठी वेगळे रकाने आहेत, रेल्वे पोलिसांसाठी एक, जिल्हाबदरीच्या तारखांसाठी एक, केंद्रात आणि कोठडीत काढलेल्या दिवसांसाठी एक, आणि मृत्यूसाठी एक. हे सगळं भरायला एका माणसाला आठवड्यातला एक दिवस तरी द्यावा लागेल आणि त्या दिवसाचा पगार अनुदानाच्या कुठल्याही शीर्षकात बसत नाही, हे मला ठाऊक आहे. ते शीर्षक मागायचं कुणी आणि कुणाकडे, याबद्दल पुस्तिका गप्प आहे. वाचकांपैकी जे अर्ज तपासायच्या खुर्चीवर बसतात त्यांनी ही उणीव आपल्याकडून भरून काढावी.